दुकानातल्या टीमसाठी क्विझ: प्रश्न असे काढा की गप्प बसणारा माणूस बोलायला लागेल

या आठवड्याच्या व्हिडिओत मी आमच्या दुकानातल्या क्विझची झलक दाखवली. ज्यांना आपल्याकडे असा खेळ घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी पूर्ण पद्धत इथे लिहून देतोय. टीम बिल्डिंग म्हटलं की आपल्याला वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं काम, रिसॉर्टवर जाऊन करायचं. तसं काही नाही. तुमच्याकडे चार माणसं असली तरी चालतं. खर्च फक्त चहा-मिसळीचा.

पण आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

पहिली क्विझ का फसली?

पोलादपूरला माझं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. माझ्यासकट आम्ही सात जण. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला दुकानातली पूजा झाली आणि मी हौसेने क्विझ घेतली. बीबीए करताना कॉलेजात बघितलेली, डोक्यात तीच. ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती, अमुक कंपनीचा मालक कोण, असले प्रश्न. प्रत्येकाला वेगळे मार्क.

आमच्याकडे एक मामा आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण चौथी. त्यांना शून्य मार्क पडले. पोरं हसली. खरं सांगायचं तर मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "शेठ, मला गोडाऊनचंच काम द्या. काउंटरवर नको."

पुढचे पंधरा दिवस काउंटरवर पोरंच होती. गिऱ्हाईक तुटलेला तुकडा हातात घेऊन यायचं आणि चुकीचं फिटिंग घेऊन जायचं. मग ते परत करायला पोलादपूरपर्यंत दुसरी खेप, वर आम्हाला शिव्या. मामा तो तुकडा नुसता बघून सांगायचे की काय लागेल. टीम जोडायला घेतलेल्या खेळाने माझा सगळ्यात अनुभवी माणूस मागच्या खोलीत नेऊन बसवला होता.

चूक खेळाची नव्हती, माझ्या प्रश्नांची होती. मी शाळा तपासत होतो, काम नाही.

कोणाला काय माहीत आहे, हे दिसत नाही

'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झालं, तेव्हापासून आपण घरोघरी ते बघतोय. २०१९ च्या सीझनमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायचं काम करत होत्या. रोज त्यांच्या हातची खिचडी खाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की या बाईंच्या डोक्यात एवढं ज्ञान आहे? तुमच्या दुकानातही असं कोणीतरी असतं. ते तुम्हाला आणि बाकीच्यांना दिसलं पाहिजे, यासाठी क्विझ घ्यायची.

प्रश्न कसे काढायचे?

वीस प्रश्न पुरे. मी ते चार फेऱ्यांत वाटतो, प्रत्येकी पाच.

१. कामाची फेरी. रोज गिऱ्हाईक विचारतं तेच प्रश्न. "भिंतीतल्या अर्धा इंची सीपीव्हीसी लाइनला नळ बसवायचाय, शेवटी काय द्याल?" (ब्रास एल्बो.) "१२ मिमीची, १२ मीटर लांबीची सळई किती किलोची?" इथे गंमत झाली. पोरांनी सूत्र लावलं: १२ गुणिले १२, भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो. कागदावर हिशेब चालू असतानाच मामा म्हणाले, "साडेदहाच्या थोडं वर." उत्तर आलं १०.६७.

२. हाताची फेरी. कापडी पिशवीत पाच वस्तू टाकायच्या आणि न बघता ओळखायला लावायच्या: रिड्युसर, युनियन, टी, स्क्रूचा साइझ. ज्यांना लिहा-वाचायला वेळ लागतो, ते या फेरीत पुढे जातात.

३. गावाची फेरी. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ कोणत्या तालुक्यात? (आपल्याच, पोलादपूर.) महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला? (२० मार्च १९२७.) सावित्री नदी कुठे उगम पावते? (महाबळेश्वर.) रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो, तो घाट कोणता? (कशेडी.) या फेरीत सगळे मोकळे होतात, हसतात.

४. आणीबाणीची फेरी. ही सोडू नका. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. म्हणून मी विचारतो: पाणी वाढतंय, आधी कोणता माल वर उचलायचा? अँब्युलन्सचा नंबर काय? (१०८.) दुकानाचा मेन स्विच कुठे आहे?

आता एक गुपित. सगळ्यात चांगला प्रश्न तो, ज्याचं अर्धं उत्तर एकाकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे असतं. उदाहरण: "१५ बाय १० फुटांच्या गोठ्यावर ताडपत्री टाकायचीय, कोणत्या मापाची द्याल?" पोरं झटकन दीडशे चौरस फूट म्हणाली. मामा म्हणाले, "अरे, छपराला उतार आहे ना? आणि चारी बाजूंनी बांधायला नको? पाऊस ज्या अंगाने झोडपतो, तिकडे जास्त सोडावी लागते." मग दोघांनी मिळून माप काढलं. असे तीन-चार प्रश्न तरी ठेवाच.

नियम साधे ठेवा

- दोन टीम करा. जुना-नवा, शिकलेला-अनुभवी असे मिसळा. जोडीदार एकाच टीममध्ये नकोत.
- मार्क टीमला, माणसाला नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.
- प्रश्न तोंडी विचारा, दोनदा वाचा. चिठ्ठ्या वाचायला देऊ नका.
- चर्चेला ३० सेकंद. उत्तर कॅप्टनने सांगायचं आणि प्रत्येक फेरीत कॅप्टन बदलायचा. म्हणजे एकच माणूस बोलत बसत नाही.
- बरोबर उत्तराला १०, पास होऊन आलेल्याला ५. चुकल्याबद्दल मार्क कापू नका.
- एक लाइफलाइन द्या. आमच्याकडे 'प्लंबरला फोन' आहे. तेवढा एक फोन सोडून बाकी मोबाइल गल्ल्यावर ठेवायचे.
- अर्ध्या तासात संपवा. बाजाराच्या दिवशी किंवा पगार अडकलेला असताना घेऊ नका. पगार थकवून खेळ घेतला तर माणसं तोंडावर हसतील आणि मागून बोलतील.
- खाणं सगळ्यांना सारखं. जिंकलेल्या टीमला छोटं काहीतरी. आम्ही एक दिवस तासभर आधी सुट्टी देतो.

आणि मालकांनो, तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. कोणी चुकलं तर "एवढं पण येत नाही?" हे वाक्य तोंडातून जाता कामा नये.

खेळ संपल्यावरची दहा मिनिटं

बरेच जण इथेच थांबतात. खरा फायदा पुढे आहे. चुकलेले प्रश्न एका कागदावर लिहा. ती तुमच्या ट्रेनिंगची यादी. ज्याला उत्तर आलं, त्यानेच ते बाकीच्यांना शिकवायचं.

आमच्या दुसऱ्या क्विझमध्ये मेन स्विचचा प्रश्न निघाला. सहांपैकी फक्त मामांना जागा माहीत होती. बघायला गेलो तर स्विचसमोर प्लायवूडच्या शीट्स उभ्या केलेल्या, हातच पोचेना. त्या मीच लावून घेतल्या होत्या! त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्या हलवल्या. कोणत्याही लेक्चरने हे झालं नसतं.

तुमचा धंदा वेगळा असेल तर?

पार्लर असेल तर कोणत्या केसांना कोणतं प्रॉडक्ट द्यायचं ते विचारा. खानावळ असेल तर वीस ताटांना किती तांदूळ लागतो ते विचारा. किराणा असेल तर पाकिटावरची एक्सपायरी शोधायला लावा. प्रश्न सुचत नसतील तर आठवडाभर गल्ल्याजवळ वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल आणि आपला माणूस जिथे अडखळेल, ते लिहा. आठवड्यात वीसच्या वर प्रश्न जमतील.

मामा आता पुन्हा काउंटरवर आहेत. दुसऱ्या क्विझनंतर मी काही बोललोच नव्हतो. दोन दिवसांनी एक पोरगा हातात तुटलेलं फिटिंग घेऊन गोडाऊनच्या दारात गेला आणि म्हणाला, "मामा, जरा पुढे या ना, हे काय आहे बघा." ते आले, ते काउंटरवरच राहिले.

तर या आठवड्याचा होमवर्क: वही घ्या आणि पहिले पाच प्रश्न लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.