गावच्या ग्रुपवरून काढलं, म्हणजे बोलायचा हक्क गेला का?

पाण्याच्या टाकीचं बिल किती झालं, एवढंच एकाने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि थोड्याच वेळात ॲडमिनने त्याला काढून टाकलं. असे प्रकार गावोगावी ऐकायला मिळतात. मग पारावर वाद रंगतो. एक म्हणतो, "ही तर हुकूमशाही झाली, घटनेने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय." दुसरा म्हणतो, "ग्रुप त्याचा, मर्जी त्याची." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. कसं, ते समजून घेऊ.

घटना काय सांगते?

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पण हा हक्क मुख्यतः सरकारच्या विरोधात वापरायचा आहे. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. तिथे पोलीस, म्हणजे सरकार मध्ये आलं. अशाच अटकांमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ न्यायालयाने रद्द केलं.

ग्रुपचं तसं नाही. तुमच्या ओसरीवर कोणाला बसवायचं हे तुम्ही ठरवता, तसं खासगी ग्रुपमध्ये कोण राहणार हे ॲडमिन ठरवतो. त्याने काढलं म्हणून तुमचं तोंड बंद झालं नाही. दुसरा ग्रुप काढून तुम्ही तोच प्रश्न विचारू शकता. त्यामुळे "घटनेचा भंग झाला" म्हणून खासगी ॲडमिनविरुद्ध कोर्टात जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

"माझ्यावर केस होईल" हे कितपत खरं?

काढून टाकल्यावर ॲडमिनचं ठरलेलं उत्तर असतं, "कोणी काही टाकलं तर मीच अडकेन ना." याबाबत आपल्याच राज्यातला निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर, ग्रुपमधल्या सदस्याने महिलेबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. सदस्य काय टाकणार हे ॲडमिनला आधी कळत नाही आणि तो ते आधी तपासूही शकत नाही. दोघांनी मिळून तसं ठरवलं होतं, असं दिसल्याशिवाय सदस्याच्या मजकुराचा गुन्हा ॲडमिनवर लावता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निकाल दिला.

अर्थात, ॲडमिनने स्वतःच भडकाऊ मजकूर पुढे पाठवला तर तो सुटत नाही. तणावाच्या काळात पोलिसांनी सूचना दिली असेल तर तीही पाळायची. जातीधर्मावर चिखलफेक करणाऱ्याला किंवा बायाबापड्यांची बदनामी करणाऱ्याला जरूर काढावं. पण टाकीचं बिल विचारणं या कशातच बसत नाही. तिथे केसची भीती हा नुसता बहाणा आहे.

ग्रुप ग्रामपंचायतीचा असेल तर?

इथे पहिल्या गड्याचं म्हणणं वजनदार ठरतं. घटनेच्या कलम १२ मध्ये 'राज्य' या शब्दात स्थानिक संस्थाही येतात, म्हणजे ग्रामपंचायतही येते. पंचायतीच्या नावाने, पंचायतीच्या कामासाठी चालणाऱ्या ग्रुपमधून टीका केली म्हणून कोणाला काढलं, तर "ग्रुप माझा, मर्जी माझी" एवढं उत्तर पुरत नाही. असं झालं तर काढल्याचं कारण लेखी मागा.

खासगी ग्रुप असला तरी एक मागणी रास्त आहे. नियम लिहून ग्रुपच्या माहितीत टाका, काढण्याआधी एकदा समज द्या आणि जो नियम विरोधकाला तोच आपल्या माणसालाही लावा. ॲडमिन एकाच गटाचा असेल तर दुसऱ्या गटाचाही एक ॲडमिन करा. ॲपमध्ये तशी सोय आहेच.

मग प्रश्न विचारायचा कुठे?

गावाच्या पैशाचा प्रश्न ग्रुपवर विचारला तर उत्तर देणं कोणालाच बंधनकारक नाही. खरी जागा ग्रामसभा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे आणि तिथून 'रिमूव्ह' करायचं बटण सरपंचाकडेही नाही. प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहायला लावा.

तिथेही टोलवाटोलवी झाली तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. "अमुक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत द्यावी" एवढं लिहिलं तरी भागतं. पंचायतीत अर्ज देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

ग्रुपवरचा मेसेज ॲडमिन एका बोटाने पुसतो. पोच घेतलेला अर्ज पुसता येत नाही.