विहिरीतून लेनमध्ये

बीडकडे पोरं 'पव्हायला' जातात ती विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळलेला भोपळा किंवा अलीकडे तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावर उभ्या चुलत्याच्या नाहीतर मामाच्या हातात, आणि मग मागून एक ढकल. चार दिवस गटांगळ्या खायच्या, नाकातोंडात पाणी जायचं, आणि आठवडा-दोन आठवड्यांत कॅन सुटायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच पोर काठावरून मुटका मारतं आणि तळाची माती मुठीत आणून दाखवतं. असं पोर आठवी-नववीत शाळेच्या जलतरण संघात जायचं म्हणालं की घरच्यांना प्रश्न पडतो, याला आणखी काय शिकायचंय? पहिल्या दिवशी मोठ्या तलावात उतरल्यावर मात्र ते वीसएक मीटरवर धापा टाकत लेनची दोरी धरतं.

तिथं नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. विहिरीत आपण उभे पोहतो. जागा पाच-दहा हातांची, त्यामुळे सरळ लांब जायची गरजच पडत नाही. डोकं सतत पाण्याबाहेर असतं, कारण नजर काठाकडे असते, वरून कुणी अंगावर उडी तर टाकत नाही ना याकडे असते. तलावात तीच सवय आडवी येते. मान वर काढली की कंबर आणि पाय खाली बसतात. तराजूचं एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जातं, तसंच. अंग तिरकं झालं की ते पाणी कापत नाही, पाणी ढकलत बसतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, त्यामुळे ताकदवान पोरगाही असा पोहला तर दमतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. विहिरीत बुडी मारताना छाती भरून घ्यायची आणि श्वास कोंडायचा, हे आपण लहानपणीच शिकतो. शर्यतीच्या पोहण्यात नेमकं उलटं करावं लागतं. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सतत बुडबुडे सोडायचे आणि मान कुशीकडे वळवून झटकन श्वास घ्यायचा. कोंडलेल्या श्वासाने जीव घुसमटतो तो मुख्यतः हवा संपली म्हणून नव्हे, तर आतला कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. एवढी एक बाब कळली की निम्मी भीती जाते. म्हणून चांगला प्रशिक्षक नवशिक्याला पहिले काही दिवस हात मारायला लावतच नाही. कठड्याचा पाइप धरायचा, तोंड पाण्यात, बुडबुडे, कुशीवर श्वास. मग हातपाय पसरून पाण्यावर नुसतं पडून राहणं. मग फळी धरून पाय मारणं, तेही गुडघ्यातून नाही, कंबरेतून. विहिरीत पोहणाऱ्या पोराला हे पोरखेळ वाटतात आणि तो कंटाळतो. त्याने कंटाळू नये. रोज तासभर दिला तर बहुतेक मुलं महिना-दीड महिन्यात पंचवीस मीटर न थांबता जातात, आणि तिथून पुढची वाढ फार वेगाने होते.

विहिरीचं देणंही मोठं आहे, ते विसरू नये. खोल पाण्याची भीती गेलेली असते, उंचावरून उडी टाकायचं धाडस असतं, पाण्यात डोळे उघडे ठेवता येतात. शहरातल्या मुलाला हे शिकायलाच महिने जातात.

मुलींचं गणित निराळं. गावच्या विहिरीवर पोरांचं राज्य असतं, मुलगी काठावर कपडे धुवायला असते, पाण्यात नसते. त्यामुळे संघात येणारी मुलगी बहुधा कोरी पाटी असते. माझ्या मते ही तिची जमेची बाजू आहे, कारण तिला मान वर काढायची सवय मोडावी लागत नाही. अडचण पोहण्याची नसते, पोशाखाची आणि घरच्यांच्या मनाची असते. पालकांना हे माहीत हवं की मुलींचा शर्यतीचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा असू शकतो आणि तो आंतरराष्ट्रीय नियमांतही बसतो. तलावावर मुलींची वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक मिळाली तर उरलेला प्रश्नही सुटतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांना दृष्टी नाही; त्यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. बीडच्या डोळस मुलीला निदान तलावाच्या काठापर्यंत जाऊ द्यावं, एवढीच मागणी आहे.

आता वयाचं. नववीत सुरुवात म्हणजे उशीर झाला का? खरं सांगायचं तर राष्ट्रीय पदकासाठी हो, बहुतेकदा उशीर झालेला असतो. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता, म्हणजे अकरावीच्या मुलाच्या वयाचा. पण पदक हे काही संघात जाण्याचं एकमेव कारण नव्हे, आणि पाण्याने उशिरा आलेल्यांनाही घेतलेलं आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याच्या गळ्यात होतं. आणि पाण्यातला नसला तरी, बीडच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाल्यावर धावपटू झाला, पुढे आशियाई विजेता ठरला.

नवशिक्यांचा खरा माणूस मात्र आफ्रिकेतला आहे. इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी २००० च्या सिडनी ऑलिंपिकला गेला तेव्हा त्याला पोहायला लागून वर्षही झालं नव्हतं. सराव एका हॉटेलच्या छोट्या तलावात. पन्नास मीटरचा तलाव त्याने सिडनीतच पहिल्यांदा पाहिला. त्याच्या गटातले बाकीचे दोघं चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटा शंभर मीटर पोहला, १ मिनिट ५२.७२ सेकंदांत. शेवटच्या मीटरांत बुडतो की काय असं वाटत होतं, अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पुढे तोच आपल्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

शाळेच्या संघात जायची वाट वाटते तितकी अवघड नाही. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जलतरणाला सहसा तालुक्याची पायरी नसते. थेट जिल्हा, मग विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. शाळेचा स्वतःचा तलाव असावा लागत नाही. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि वयाचा दाखला लागतो, नाव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे शाळेमार्फत जातं. पुढच्या पातळ्यांवर चमकणाऱ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पहिल्या स्पर्धेला जाताना दोन नियम पक्के ठेवावेत. शिट्टी-भोंग्याच्या आधी हललं की बाद. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. फ्रीस्टाइलमध्ये मात्र वळताना गोलांटी घेतलीच पाहिजे असं नाही. अंगाचा कुठलाही भाग भिंतीला लागला तरी चालतं. नवशिक्याने पहिली शर्यत म्हणूनच ५० मीटर फ्रीस्टाइलची घ्यावी.

बीडमध्ये तलावाचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: इथं प्यायला पाणी नाही, पोहायला कुठून? हे वाक्य टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं आहे, त्याचा राग करू नये. पण हिशोब मांडावा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला सुमारे चार लाख सत्तर हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तेचाळीस टँकर. ते रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात. उसाला हंगामभर सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर तलाव भरण्याचं पाणी सव्वादोन-अडीच गुंठे उसाचं झालं. वर्षभराचं बाष्पीभवन आणि गाळणी धुण्याचं पाणी मिळवलं तरी हा आकडा दहा गुंठ्यांच्या पुढे जात नाही. ज्या जिल्ह्यात माजलगाव आणि मांजरा ही धरणं आहेत, उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि शहराजवळच्या खजाना विहिरीचं पाणी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी शेतांपर्यंत नेलं होतं, त्या जिल्ह्याने दहा गुंठ्यांच्या पाण्याचा विचार करायला हरकत नसावी.

कारण पाणी आता पोरांच्या दारात आलंय. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगाव शेततळी झाली. त्यातल्या प्लास्टिकच्या कागदाला शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. शेततळ्यात सराव कधीच करू नये. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी गाठी मारलेला एक जाड दोर काठाला पक्का बांधून आत सोडून ठेवावा, आजच.

आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती. पुढच्या जूनमध्ये प्रवेशिका भरताना जलतरणाचा रकाना कोरा सोडू नका. वर्गात विचारा, पव्हायला कुणाला येतं? जे हात वर होतील त्यांची नावं लिहा, आणि ज्या मुलींचे हात वर होणार नाहीत त्यांच्या घरी एकदा जाऊन या.