चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन आणि हृदयाचा पीळ

आकुंचनाच्या वेळी हृदयाचे स्नायुतंतू साधारणतः १५ टक्क्यांनीच आखूड होतात. तरीही निरोगी डावी जवनिका आपल्यातील सुमारे ६० टक्के रक्त बाहेर टाकते. या विसंगतीचे उत्तर स्नायूंच्या रचनेत आहे. हे तंतू सर्पिल असून आतील व बाहेरील थरांत त्यांची दिशा परस्परविरुद्ध असते. त्यामुळे आकुंचन पावताना भित्ती जाड होऊन आत सरकते आणि ओले वस्त्र पिळावे तसे हृदयाचे टोक व तळ विरुद्ध दिशांना वळतात.

जिवंत हृदयातील ही हालचाल शस्त्रक्रियेविना मोजणे एमआरआयमुळे शक्य झाले. १९८८ मध्ये झेरहूनी व सहकाऱ्यांनी ‘टॅगिंग’ पद्धती मांडली; १९८९ मध्ये ॲक्सेल व डोहर्टी यांनी तिला जाळीचे रूप दिले. या पद्धतीत रेडिओ लहरींनी स्नायूच्या ठरावीक पट्ट्यांतील चुंबकन क्षणभर बदलले जाते. प्रतिमेत त्या पट्ट्या काळ्या रेषांसारख्या दिसतात व स्नायूबरोबरच वाकतात. या वाकण्यावरून प्रत्येक भागाचे आकुंचन मोजता येते.

याचे वैद्यकीय महत्त्व मोठे आहे. हृदयभित्ती विकृतपणे जाड झालेल्या रुग्णात उत्सर्जनाचे प्रमाण प्राकृत भासते. तंतूंचे आकुंचन मात्र मंदावलेले असते. केवळ बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या मापावरून हृदय सुदृढ ठरवणे म्हणूनच अपुरे होय.