“बोलन हळूहळू” म्हणून थांबू नका

लेकरू दोन वर्षांचं झालं तरी बोलत नसलं, की अकोला-अमरावतीच्या घरांत हमखास ऐकू येतं, “बोलन हळूहळू, याचा बाप बी उशिराच बोलला.” यामागे माया असते. पण मूल स्वमग्न असेल, म्हणजेच त्याला ऑटिझम असेल, तर मदतीचे मोलाचे महिने असे थांबण्यात जातात.

गैरसमज : बोलायच्या वयाआधी काही कळत नाही.
वस्तुस्थिती : पहिल्या खुणा शब्दांच्या आधी दिसतात. वर्षाचं मूल नावाने हाक मारली की सहसा वळतं. दीड वर्षाचं मूल आकाशातलं विमान बोटाने दाखवतं आणि आपणही ते पाहिलं का, हे वळून बघतं. असं होत नसेल, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जुळत नसतील, तर तपासणी करा. आलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच. एकट्या खुणेवरून निदान होत नाही. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी.

गैरसमज : आईला बिलगतं, म्हणजे स्वमग्न नाही.
वस्तुस्थिती : स्वमग्न मुलंही जीव लावतात. फरक संवादाच्या पद्धतीत असतो.

गैरसमज : आईचं दुर्लक्ष किंवा लस हे कारण आहे.
वस्तुस्थिती : स्वमग्नता मेंदूच्या वाढीशी निगडित आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईला दोष देणारा जुना सिद्धांत खोटा ठरला. लसीवर संशय घेणारा 1998 चा लेख ‘द लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला.

गैरसमज : घरी कोरकू, अंगणवाडीत मराठी, म्हणून मूल गोंधळलं.
वस्तुस्थिती : दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. मेळघाटातल्या आईने आपल्याच भाषेत बोलत राहावं.

गैरसमज : तपासणी फक्त मोठ्या शहरात होते.
वस्तुस्थिती : सुरुवात अंगणवाडीतून होऊ शकते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तिथे वर्षातून दोनदा मुलं तपासतात. गरज पडल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ही सेवा मोफत असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. पण मदतीसाठी दिव्यांग प्रमाणपत्राची वाट पाहू नका. शंका आली की अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना किंवा बालरोगतज्ज्ञांना सांगा. शंका खोटी ठरली तर काहीच बिघडत नाही. खरी ठरली तर लेकराला वेळेत हात मिळतो.