मुकी पेटी

मिरजेच्या सतारमेकराच्या हातातला भोपळा बोलला पाहिजे, ही त्याच्या विद्येची कसोटी. लाउडस्पीकरची पेटी करणाऱ्याची कसोटी नेमकी उलटी: त्याची पेटी बोलता कामा नये. घरी स्पीकर बांधू पाहणाऱ्यांची फसगत होते ती या दोन्ही पेट्या एकाच कुळातल्या मानल्यामुळे. मग जुना सागवान शोधला जातो, शिसवाची स्वप्नं पडतात आणि लाकूड जितकं भारी तितका आवाज गोड, असा हिशेब मांडला जातो. तानपुरा तारेच्या कंपात स्वतःचा रंग मिसळतो, तेच त्याचं काम. स्पीकरला ती मुभा नाही. गाणाऱ्याने भरायचा तो रंग ध्वनिमुद्रणातच भरून झालेला असतो. म्हणून इथे लाकडाच्या जातीपेक्षा सुताराच्या मापाला आणि सांध्याला जास्त मोल आहे.

मुळात पेटी लागतेच कशाला? अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ज्या रचनेचा शोधनिबंध मांडला, तीच आजही बहुतेक स्पीकरांत आहे: चुंबकाच्या खाचेत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कोन. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळपास सात मीटर. तिच्यापुढे वीतभर कोन तो काय! समोरची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागची पोकळी भरते आणि खर्ज जागच्या जागी विरतो. पेटी हा वळसा अडवते. १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवून लहान पेटीतून खोल खर्ज काढला, तेव्हापासून आतल्या हवेचं आकारमान हा रचनेतला काटेकोर आकडा झाला. ३० × २० × २५ सेंटिमीटर हे आतलं माप असेल तर पेटी १५ लिटरची. तेच बाहेरचं समजून १८ मिलिमीटरची फळी कापली तर आत उरतात जेमतेम सव्वानऊ लिटर. इतकी चूक उंची लाकडाने भरून निघत नाही.

जाड फळी तरी चांगलीच ना, असं कोणी म्हणेल. अंशतः खरं आहे. बारा मिलिमीटरऐवजी अठराची फळी घेतली तर ताठपणा सुमारे ३.४ पट वाढतो, वजन मात्र दीडपटच. पण अशी फळी गप्प होत नाही, वरच्या स्वरात घुमू लागते. आणि तिथे कान अधिक तिखट असतो. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात वेगळी वाट धरली: पातळ फळी आणि तिला आतून कंप जिरवणारा डांबरी थर. त्यांच्या एलएस ३/५ए या पाचेक लिटरच्या स्पीकरची पेटी १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायची होती. कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीचऐवजी पाराना पाइनच्या लावल्या तेव्हा आवाजाचा रंग बदलल्याचं त्यांना आढळलं. लाकडाची जात महत्त्वाची ठरतेच की, असा आक्षेप यावर घेता येईल. ठरते, पण मोलामुळे नव्हे. त्या लाकडाचा ताठपणा आणि कंप जिरवण्याची ताकद यांमुळे. भरीव सागवान पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि ओढाताण सांध्यावर येते. हौस असेल तर सागवानी विनियर बाहेरून लावावं.

खरी परीक्षा सांध्याची. गुण्या लावून काटकोन पाहायचा, कडांना सलग गोंद फिरवायचा, शिकंजे आवळायचे, दाबाने बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा. स्पीकरच्या भोकाभोवतीची खाच राउटरने फिरवावी. पटाशीने जमते, पण घाई केली तर प्लायचे पदर उचकटतात. बंद पेटीत कोन बोटांनी समतोल दाबून सोडावा. तो आळसावून परतला तर सांधे घट्ट, झटकन उसळला तर कुठेतरी फट आहे.

कारखान्याकडे मोजमापाची साधनं असतात, घरी काय, हा आक्षेप वजनदार होता. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचं गणित अशा आकड्यांत बसवलं, की ते आता सुट्या स्पीकरच्या माहितीपत्रकावरच छापलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकर घेताना वॉटच्या आधी ते मागावेत. क्रॉसओव्हरचं मात्र मान्य करायला हवं: खर्ज आणि तार स्वरांची वाटणी करणारं हे सर्किट रंध्याने सुधारत नाही, आणि घरगुती स्पीकर बहुधा तिथेच हरतात. म्हणून पहिल्या जोडीसाठी क्रॉसओव्हरसकट सिद्ध झालेला आराखडा घ्या आणि पेटी बंदच ठेवा. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी मुद्दाम भोक ठेवलेल्या पेटीपेक्षा ती मापातली चूक जास्त पोटात घालते. आणि प्लायऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी कापणार असाल तर नाकावर घट्ट बसणारा मास्क लावा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे.