शिकवणाऱ्या डॉक्टरांची शिकवणी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचं असेल तर डी.एड. लागतं. हायस्कूलला बी.एड. लागतं. मुलासमोर खडू घेऊन उभं राहण्याआधी पाठ कसा आखायचा, प्रश्न कसा विचारायचा, मागे बसलेल्याला कळलं की नाही हे कसं ओळखायचं, हे सगळं शिकावं लागतं आणि त्याची परीक्षाही द्यावी लागते. आपल्या देशात वर्षानुवर्षं याला एकच मोठा अपवाद होता, तो म्हणजे महाविद्यालयं. आणि त्यातही सगळ्यात गंभीर अपवाद होता वैद्यकीय महाविद्यालयांचा. एमडी किंवा एमएस झालेला डॉक्टर काही काळ सीनियर रेसिडेंट म्हणून काम करायचा आणि एके दिवशी सहायक प्राध्यापक व्हायचा. त्याला हृदयरोग उत्तम कळत असेल. पण तो विषय वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आणि हातात कसा उतरवायचा, हे त्याला कुणीही सांगितलेलं नसायचं. त्याचे सर जसे शिकवायचे, तसंच तोही शिकवायचा.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. सकाळी वॉर्ड, मग ओपीडी, दुपारी लेक्चर, असा आमचा दिवस. त्याशिवाय कॉलेजच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं काम माझ्याकडे आहे. आम्ही त्याला ‘एमईयू’ म्हणतो. आपल्याच सहकाऱ्यांना शिकवायला शिकवणं, हे या विभागाचं काम. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांप्रमाणे आता सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स केलेला असणं सक्तीचं आहे. तीन दिवसांचा कोर्स. पहिल्या दिवशी सकाळी बहुतेकांच्या चेहऱ्यावर ‘प्रमाणपत्र द्या आणि सोडा’ असंच लिहिलेलं असतं. त्यात त्यांचा दोष नाही. ओपीडीत शंभर पेशंट ताटकळत ठेवून ते आलेले असतात.

डॉक्टरांना शिकवायला शिकवण्याची ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत बफेलो विद्यापीठात जॉर्ज मिलर या डॉक्टरने १९५० च्या दशकात शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेतलं आणि वैद्यकीय शिक्षकांना तुमचा विद्यार्थी नेमका कसा शिकतो, असा साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. भारतात १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आज निवृत्त झालेल्या पिढीतले अनेक चांगले शिक्षक तिथे जाऊन आलेले आहेत. पुढे २००९ नंतर तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने प्रादेशिक केंद्रं नेमली आणि मुंबईचं सेठ जी.एस., सावंगीचं जवाहरलाल नेहरू अशा महाविद्यालयांतून हे प्रशिक्षण राज्यभर पोचलं.

आमच्या कोर्समधलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं सत्र म्हणजे मायक्रोटीचिंग. ही पद्धत डॉक्टरांची नाही. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये शाळेच्या शिक्षकांसाठी ती निघाली. प्रत्येकाने आपल्या विषयातला एक छोटा मुद्दा पाच-सात मिनिटांत शिकवायचा, समोर सहकारीच विद्यार्थी म्हणून बसणार. नंतर आधी शिकवणाऱ्याने स्वतः बोलायचं आणि मग बाकीच्यांनी काय दिसलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटर गाजवलेल्या सर्जनचे हात तिथे थरथरताना मी पाहिले आहेत. कारण त्यांचं ऑपरेशन अनेकांनी पाहिलेलं असतं, त्यांचं शिकवणं मात्र दुसऱ्या शिक्षकाने कधीच पाहिलेलं नसतं. शरीररचनाशास्त्राच्या एका ज्येष्ठ मॅडमना त्यांच्याच ज्युनियरने हळूच सांगितलं, “मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि दोन सेकंदांत उत्तरही स्वतःच देता.” मॅडम क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं रे.” दुसऱ्या फेरीत त्यांनी प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. वर्गातली शांतता त्यांना असह्य होत होती, ते दिसत होतं. पण त्या थांबल्या आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं.

हे सगळं चांगल्या लेक्चरसाठी आहे, असं कुणाला वाटेल. लेक्चर हा त्यातला लहान भाग. डॉक्टर घडतो तो पेशंटच्या खाटेशी, आणि तिथे गोष्ट वेगळीच होते. वॉर्डातल्या क्लिनिकचा शिरस्ता असा: विद्यार्थी आधी येऊन पेशंटला तपासतात, मग सर किंवा मॅडम येतात आणि एकजण केस प्रेझेंट करतो. नाव, वय, तक्रार, इतिहास, तपासणी. शिक्षक ऐकतात, अडवतात, प्रश्न विचारतात, कधी रागावतात. विद्यार्थी बोलतो कसा ते शिक्षकाला कळतं. त्याने तपासलं कसं, ते कळत नाही.

एक उदाहरण देते. प्लीहा, म्हणजे आपल्याकडे ज्याला पानथरी म्हणतात, ती पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते. निरोगी माणसात ती सहसा हाताला लागत नाही. मलेरियात वाढते, रक्ताच्या काही कर्करोगांत तर प्रचंड वाढते, आणि वाढताना ती तिरकी, बेंबीकडून उजव्या ओटीपोटाच्या दिशेने सरकते. म्हणून तपासणारा हात उजवीकडे खालून सुरू करायचा आणि पेशंटच्या प्रत्येक श्वासाबरोबर डाव्या बरगडीकडे न्यायचा. हात थेट बरगडीजवळ ठेवला तर तो पानथरीच्या वरच पडतो. तिची कड खाली राहते आणि विद्यार्थ्याला वाटतं, इथे काहीच नाही. मोठ्या पानथरीलाच हा धोका जास्त. आता असा विद्यार्थी उभा राहून आत्मविश्वासाने म्हणतो, “सर, स्प्लीन नॉट पाल्पेबल.” शिक्षक म्हणतात, चूक, नीट बघ. तो पुन्हा बरगडीजवळच हात ठेवतो. कारण हात कुठून सुरू झाला हे कुणी पाहिलेलंच नसतं. तो चुकला एवढंच त्याला कळतं, कुठे चुकला ते कळत नाही. पाच वर्षांनी तोच डॉक्टर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोट जड वाटतं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतो.

माझ्या मते शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे. विद्यार्थी पेशंटला तपासत असताना शिक्षकाने बाजूला उभं राहून पाहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि नंतर जे दिसलं ते नेमक्या शब्दांत सांगायचं. याची एक साधी पद्धत अमेरिकेतल्या जॉन नॉर्सिनी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. तिला मिनी-सीईएक्स म्हणतात. पेशंट खराच, काम खरंच, वेळ पंधरा-वीस मिनिटं, आणि शेवटी लगेच बोलणं. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की ही परीक्षा आणली. यात विद्यार्थी एकामागून एक टेबलांपाशी जातो, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवतो, आणि परीक्षक यादी घेऊन ते पाहतो. एकाच परीक्षकाच्या एकाच केसवर, त्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीवर मुलाचं नशीब टांगलेलं राहू नये, हा त्यामागचा विचार होता.

“ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा?” हा प्रश्न प्रत्येक कोर्समध्ये येतो, आणि तो रास्त आहे. त्याला वॉशिंग्टन राज्यातल्या फॅमिली मेडिसिनच्या काही डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिलेलं उत्तर मला फार आवडतं. विद्यार्थ्याने पेशंटबद्दल सांगितलं की लगेच निदान सांगून टाकायचं नाही. आधी विचारायचं, तुला काय वाटतं? मग, कशावरून? त्यानंतर एकच सूत्र शिकवायचं, जे पुढच्या पेशंटला उपयोगी पडेल. काय बरोबर केलंस ते सांगायचं. काय सुधारायचं तेही सांगायचं. बस. इंग्रजीत याला ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ म्हणतात. प्रत्यक्षात एका मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण गर्दीच्या ओपीडीत बसतो. ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न आपल्या वॉर्डात किती कमी ऐकू येतो, हे एकदा लक्षात आलं की अस्वस्थ व्हायला होतं. आपल्याकडे मूल सरांसमोर उभं राहतं ते अपमान होऊ नये म्हणून. माहीत नसेल तर ते गप्प राहायला शिकतं. आणि माहीत नाही हे न सांगणारा डॉक्टर पेशंटसाठी धोकादायक असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशात एमबीबीएसचा नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षापासून पेशंटशी ओळख, सुरुवातीला पायाभूत कोर्स, आणि ‘एटकॉम’ नावाचा वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग. कागदावर मला तो मनापासून पटतो. वाईट बातमी कशी सांगायची, संमती घेणं म्हणजे नुसता अंगठा घेणं का नव्हे, मृत्यूनंतर नातेवाइकांशी कसं बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पण जो भाग शिक्षक स्वतः कधी शिकलेला नाही, तो त्याने शिकवायचा कसा? म्हणून कोर्समध्ये आम्ही नाट्यप्रवेश करतो. एकदा विभागप्रमुखांना पेशंटच्या भावाची भूमिका दिली. समोरचा ‘डॉक्टर’ उभ्याउभ्या फाइल चाळत बोलत राहिला. प्रवेश संपल्यावर सर म्हणाले, “त्याने मला बसा असंसुद्धा म्हटलं नाही.” त्या दिवसापासून त्यांच्या युनिटमध्ये नातेवाइकांसाठी खुर्ची ठेवलेली असते.

शिकलेलं कॉलेजात टिकवायला जे नेतृत्व लागतं, आता त्याबद्दल. एका शिक्षकाने कोर्स केला, पेटून उठला, कॉलेजात परतला आणि महिन्याभरात विझला, असं मी अनेकदा पाहिलंय. वेळापत्रक त्याच्या हातात नसतं. परीक्षा विद्यापीठ ठरवतं, युनिट प्रमुख ठरवतात, रेसिडेंट थकलेले असतात. शिकवायला शिकणं पुरत नाही. चार माणसं सोबत घेऊन बदल कसा घडवायचा, हेही शिकावं लागतं. याच गरजेतून फेमर ही फिलाडेल्फियातली संस्था उभी राहिली. तिचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये मुंबईत, परळच्या सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएममध्ये सुरू झालं. मग लुधियाना आणि कोइम्बतूर. दोन वर्षांची ही फेलोशिप नोकरी सांभाळून करायची असते. प्रत्येकाने आपल्या कॉलेजातला खरा प्रश्न घेऊन यायचं आणि तो तिथेच जाऊन सोडवायचा. सोबतीला देशभरातले सहकारी असतात, वर्षभर एकमेकांना प्रश्न विचारणारे.

मी ही फेलोशिप केली तेव्हा माझा प्रश्न साधा होता: आमच्या वॉर्डात प्रत्येक विद्यार्थ्याला टर्ममध्ये निदान एकदा तरी शिक्षकाने तपासताना पाहावं. मला वाटलं होतं, चांगला फॉर्म बनवला की काम झालं. फेलोशिपमध्ये मला पहिल्याच दिवशी विचारलं गेलं, हे कुणाला हवं आहे, कुणाच्या मदतीशिवाय अडेल, कुणाचं काम वाढेल? त्या यादीत सगळ्यात वर आल्या वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज. सकाळी ड्रेसिंग आणि इंजेक्शनांच्या वेळी आमची पोरं खाटेभोवती गर्दी करत होती, हे मी तोवर त्यांच्या बाजूने पाहिलंच नव्हतं. त्यांच्याशी बोलून वेळ ठरवली. मग रेसिडेंटना सोबत घेतलं, कारण प्रत्यक्षात मुलांना सगळ्यात जास्त तेच शिकवतात. विभागप्रमुखांकडे मी सगळ्यात शेवटी गेले, वॉर्ड तयार असताना. त्यांनी होकार दिला.

अडचणी मोठ्या आहेत. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या साधारण ५१ हजार जागा होत्या, आता त्या एक लाखाच्या वर गेल्या आहेत. जागा वाढणं गरजेचंच होतं. खेड्यांना डॉक्टर हवेत. पण शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. एका खाटेभोवती पंचवीस मुलं उभी असतील तर पाहायचं कुणाला? मग नव्या अभ्यासक्रमातल्या लॉगबुकवर न पाहताच सह्या होतात. असं घडतं, हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. दुसरं म्हणजे, पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. चांगलं शिकवणं मोजलं जात नाही. जो शिक्षक रोज अर्धा तास मुलांच्या हातांकडे पाहण्यात घालवतो, त्याला त्याचं काहीही मिळत नाही. तीन दिवसांचा सक्तीचा कोर्स ही सुरुवात आहे. त्यापुढे प्रत्येक विभागात शिकवण्यासाठी राखीव वेळ आणि त्याची सेवापुस्तकात नोंद या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय तो कोर्स प्रमाणपत्रापुरताच राहील, असं माझं स्पष्ट मत आहे. डीन आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालय यांनी ठरवलं तर या दोन्ही गोष्टी शक्य आहेत.

आणि एक विनंती वाचकांना. तुम्ही किंवा तुमचं कुणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल असेल आणि पांढरा कोट घातलेलं पोरगं किंवा पोरगी संकोचत खाटेशी आली, तर तब्येतीला झेपत असेल तेव्हा त्यांना तपासू द्या. नको असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण होकार दिलात, तर नंतर त्यांचे सर किंवा मॅडम आल्यावर दोन वाक्यं जरूर सांगा: त्याने आधी विचारलं का, पडदा लावला का, दुखतंय म्हटल्यावर हात काढला का. हे तुमच्याइतकं नीट आम्हाला कुणीच सांगू शकत नाही.