परदेशी कर्ज : भांडवल की ओझे?

उधारीवर उचललेला माल मुदतीच्या आत विकला गेला तर धंदा वाढतो. त्याच पैशात दुकान नुसते सजवले आणि गिऱ्हाईक वाढले नाही, तर हप्ता भांडवलातून जातो. हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना सांगायला नको. देशाच्या कर्जाचे गणितही मुळात हेच आहे. फरक इतकाच की, परदेशी कर्ज देशाला आपल्या नोटा छापून फेडता येत नाही. ते बहुधा डॉलरमध्ये फेडावे लागते, आणि डॉलर येतात ते मुख्यतः निर्यातीतून, पर्यटनातून आणि परदेशी गेलेल्या कामगारांच्या कमाईतून.

शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण पाहू. २००९ मध्ये तेथील यादवी युद्ध संपले. त्यानंतर रस्ते, बंदर, विमानतळ यांसाठी भरमसाट कर्ज काढले गेले. आरंभी विकासाचा दर वाढलेला दिसला. परंतु निर्यात मागे पडत गेली. २००० साली निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक होती. २०१९ पर्यंत ती एक चतुर्थांशाच्या आसपास आली. म्हणजे देणे डॉलरमध्ये वाढले, पण त्या मानाने डॉलरची आवक वाढली नाही.

चिनी कर्जातून बांधलेले हंबनटोटा बंदर २०१० मध्ये सुरू झाले, पण अपेक्षेइतकी जहाजे आली नाहीत. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले आणि १.१२ अब्ज डॉलर मिळाले. या रकमेतून बंदराचे कर्ज फिटले, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक ती रक्कम परकीय चलनाच्या गंगाजळीत गेली आणि कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. शिवाय सर्वांत मोठे देणे चीनचे नव्हते. ते आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या, चढ्या व्याजाच्या रोख्यांचे होते.

२०१९ च्या अखेरीस करकपात झाली, २०२० मध्ये कोरोनाने पर्यटन थांबवले. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. काही महिन्यांत डॉलर सुमारे २०० रुपयांवरून ३६० रुपयांवर गेला. डिझेलअभावी मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, दिवसाला १३ तासांपर्यंत वीज गेली, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कर्ज काढले कोणी आणि भोगले कोणी!

मग कर्ज घेऊच नये काय? तसे नाही. दक्षिण कोरियानेही मोठी कर्जे काढली. जपानकडून मिळालेली भरपाई व कर्ज यांतून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९७३ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्या पोलादातून जहाजे व मोटारी बनल्या, परदेशी विकल्या गेल्या आणि हप्त्यांचे डॉलर घरी आले. पुढे त्याच कोरियाने अल्पमुदतीचे कर्ज वाढवले आणि १९९७ मध्ये ठेच खाल्ली.

आपल्या देशालाही १९९१ मध्ये डॉलरसाठी सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले होते.

तात्पर्य, परदेशी कर्ज मंजूर झाल्याची बातमी वाचली की आपण तीन गोष्टी विचाराव्यात : या पैशातून कमाई काय होणार? ती कोणत्या चलनात होणार? आणि फेडीच्या मुदतीआधी होणार काय? धंद्यात आपण हे पाहतोच. सरकारच्या बाबतीतही पाहिले पाहिजे. कारण शेवटी हप्ता जातो तो कच्च्या मालाच्या दरातून, म्हणजे आपल्याच गल्ल्यातून.